बगरूचा ठसा: छापकामात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

लाकडी ठशांनी कापड छापायचं काम शिकायला राजस्थानातल्या बगरूला गेले तेव्हा वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हातात ठसा मिळेल. मिळालं ते पाच मीटर कोरं कापड आणि पाण्याचा हौद. दुपारपर्यंत धुणंच धूत होते, आणि संध्याकाळी कारखान्यातले काकाजी शांतपणे म्हणाले, "कल एक बार और धोना है." तेव्हा वैतागले. आता घरी हे काम करते तेव्हा पटतं, की ठसा मारणं हा यातला सगळ्यात छोटा भाग. कापड बिघडतं ते बहुतेक ठशाच्या आधी किंवा नंतर. म्हणून या लेखात धुण्याबद्दल बरंच आणि नक्षीबद्दल थोडंच सापडेल.

कुठे, कधी, किती दिवस

बगरू जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला, साधारण ३० किलोमीटरवर. मुंबई-पुण्याहून जयपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत, पुढे बस किंवा टॅक्सी. हायवेवरून पाहिलं तर गावात विशेष काही दिसत नाही. छीपा मोहल्ल्यात शिरलात की आधी ठकठक ऐकू येते, मग गच्च्यांवरून सोडलेली लांबच लांब कापडं दिसतात.

छीपा म्हणजे कापड छापणारा. इथली बरीच कुटुंबं स्वतःला 'नामदेव छीपा' म्हणवतात, आणि हे नामदेव म्हणजे आपलेच. आपण त्यांना शिंपी म्हणून ओळखतो. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, तिथे मात्र ते स्वतःची जात छीपा सांगतात. मी महाराष्ट्रातून आलेय म्हटल्यावर घरातल्या दादीसांनी पहिला प्रश्न पंढरपूरचा विचारला. जाताना चितळ्यांच्या बाकरवडीसोबत विठ्ठलाचा एक छोटा फोटोही न्या, जास्त आनंदाने घेतला जाईल.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कापड वाळत नाही आणि काम रखडतं. मे-जूनचं ऊन छीपांना सोसतं, आपल्याला नाही.

एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये आधीच तयार केलेल्या कापडावर रुमाल किंवा ओढणी छापायला देतात. मजा येते, पण तेवढ्याने काम समजत नाही. धुण्यापासून उकळण्यापर्यंत सगळं बघायचं असेल तर पाच-सहा दिवस काढा. आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: हिरड्याच्या पाण्यात बुडवलेलं कापड वापरणार की साधं? आणि रंग नैसर्गिक की पिगमेंट, म्हणजे बाजारातला तयार रंग? बगरूत आता दोन्ही चालतं. पिगमेंटमध्ये वाईट काही नाही, पण ते शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं?

जयपुरात अर्धा दिवस मोकळा असेल तर आमेरचं अनोखी हस्तछपाई संग्रहालय आधी बघा. जुनी हवेली दुरुस्त करून केलंय, आणि ठसे कोरणारे कारागीर समोर बसून काम करताना दिसतात. बोटभर छिन्नीने लाकडातून पाकळी कशी निघते ते एकदा पाहिलं की ठसा हातात धरायची रीतच बदलते.

सोबत जुने कपडे, जुन्या चपला आणि एक वही. अंगठ्या घरी ठेवा, ठशावर मूठ मारायची असते.

आधी एवढं समजून घ्या

बगरूच्या जुन्या रीतीत ठशाने रंग लावत नाहीत. ठशाने लावतात ते दोन लेप. एक 'स्याही', लोखंडाचं आंबवलेलं पाणी. दुसरा 'बेगर', तुरटीचं पाणी. कापडात हिरडा आधीच मुरलेला असतो. लोखंड हिरड्याला भेटलं की काळं होतं, तिथल्या तिथे. तुरटी हिरड्याला भेटली तरी डोळ्यांना काही दिसत नाही. ते कापड नंतर अलिझरीन या लाल रंगाच्या उकळत्या पाण्यात गेलं की जिथे तुरटी आहे तिथे लाल रंग धरतो, बाकी ठिकाणी धुऊन जातो. बगरूच्या काळ्या-लाल नक्षीचं आणि मागच्या बदामी जमिनीचं, म्हणजे नक्षीमागच्या कापडाच्या रंगाचं, कारण हेच. सांगानेर जयपूरच्या दुसऱ्या अंगाला, जवळच आहे, पण तिथली जमीन पांढरी. बगरू आणि सांगानेर, दोघांनाही वेगवेगळं जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालेलं आहे.

म्हणजे बेगर छापताना तुम्ही जवळपास आंधळेपणानेच छापता. लेप नुसत्या डोळ्यांना दिसावा म्हणून त्यात चिमूटभर गेरू घालतात, पण त्या फिक्या गुलाबीवरून लाल कसा येईल ते कळत नाही. नवशिक्याची घालमेल होते ती इथे.

साहित्याची यादी काकाजींनी सांगितली तेव्हा मी एकेकाचं मराठी नाव वहीत लिहीत गेले, आणि हसूच आलं. हिरडा, तुरटी, गूळ, चिंचोके, गेरू, धायटीची फुलं, डाळिंबाची सालं. अर्ध्या वस्तू आजीच्या फडताळातल्या, उरलेल्या काष्ठौषधीच्या दुकानातल्या. हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले आदिवासी गोळा करून विकतात. तेव्हा घरी करून बघायचं असेल तर साहित्यासाठी राजस्थान गाठायची गरज नाही.

पुढची मापं घरी १०० ग्रॅम कापडासाठी आहेत. म्हणजे साधारण मीटरभर पातळ सुती कापड. वजन करूनच घ्या.

पहिलं काम: कापड खरंच धुवा

कापड शंभर टक्के सुती हवं. मलमल, केंब्रिक, पॉपलीन, काहीही. नव्या कापडात मांड असते, तेलकटपणा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एका दुकानात मला 'धुतलेलं आहे, थेट छापा' म्हणून कापड दिलं. छापलं, उकळलं, आणि अर्धी बूटी, म्हणजे छापलेली छोटी नक्षी, पाण्यात उतरून गेली. दोष लेपाचा समजून मी आठवडाभर तुरटीचं माप बदलत बसले होते.

तेव्हापासून एकच परीक्षा करते. सुक्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर कापड तयार नाही. पडल्या पडल्या पसरला तर तयार.

बगरूत यासाठी शेण, तेल आणि सोडा यांच्या पाण्यात कापड मुरवून ठेवतात, मग धुऊन उन्हात टाकतात. घरी ५ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळं होतं, ती सगळी घाण. ते ओतून स्वच्छ पाण्यात खळबळा. थेंबाची परीक्षा नापास झाली तर पुन्हा उकळा. लाजू नका, मी तीनदा उकळलंय.

दुसरं: हिरडा

२० ग्रॅम हिरडापूड दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळा. ओलं कापड त्यात अर्धा तास बुडवून सारखं वरखाली करा, पिळा, पण पुन्हा धुऊ नका. वाळवायचं ते आडवं पसरून. दोरीवर टाकलंत तर दोरीच्या जागी गडद रेघ उमटते आणि ती शेवटपर्यंत दिसते. वाळल्यावर कापड पिवळसर होतं. अंगावर पूड राहिली असेल तर झटकून टाका.

या टप्प्यापासून लोखंड जवळपास नको. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं. माझ्या एका कापडाच्या काठावर बरोबर चार चार बोटांवर काळे ठिपके आहेत. लोक विचारतात, ही कुठली नक्षी? ती गंजलेल्या चिमट्यांची नक्षी.

तिसरं: दोन लेप

स्याही आधी करायला घ्या, तिला वेळ लागतो. एक लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, पाव किलो गंजके खिळे किंवा भंगार लोखंड, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात. वर फडकं बांधा. घट्ट झाकण लावू नका, आतून वायू सुटतो. अधूनमधून ढवळत राहा. दहा-पंधरा दिवसांत वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. थंडीत जास्त दिवस लागतात. बगरूत घोड्याचे जुने नाल वापरतात, आणि एकेका घरातला स्याहीचा माठ कितीतरी वर्षं चालू असतो. आपल्याकडे विरजण जपतात तसा.

गाळलेल्या २०० मिली पाण्यात १० ग्रॅम चिंचोक्याची पूड घालून मंद आचेवर शिजवा. काकवीइतकं दाट झालं की उतरवा. पातळ राहिलं तर कापडात पसरतं, फार दाट झालं तर ठशाच्या बारीक रेघांत अडकतं. स्वयंपाकाचं भांडं यासाठी वापरायचं नाही.

बेगर सोपा. २०० मिली कोमट पाण्यात २० ग्रॅम तुरटी विरघळवा, चिमूटभर गेरू घाला, मग २-३ ग्रॅम गवार गोंद भुरभुरत ढवळा आणि तासभर तसंच ठेवा. गोंद एकदम टाकला तर गाठी होतात, आणि गाठ म्हणजे पाकळीच्या जागी डाग. दोन्ही लेप मलमलमधून गाळून घ्या.

चौथं: ठसा

ठसे शिसवाचे किंवा सागवानी. एका नक्षीचे बहुधा दोन-तीन ठसे असतात: 'रेख' म्हणजे बाह्यरेषा, 'गद' म्हणजे मागची जमीन, 'दत्त' म्हणजे आतलं भरण. पहिल्या वेळी संचाच्या मोहात पडू नका. एकच रेख, तळहाताहून लहान बूटी, आणि तीच शंभर वेळा. नवा ठसा आणलात तर दहा-बारा दिवस तेलात बुडवून ठेवा. लाकूड पाणी पीत नाही आणि तडकत नाही.

टेबलाला गादी हवी. बगरूत तागाचे आणि कापडाचे थर असतात. घरी टेबलावर गोणपाट, त्यावर घडी केलेलं ब्लँकेट, त्यावर जुनं सुती पातळ ताणून बसवा. मी आधी गोधडी अंथरली होती. प्रत्येक बूटीत गोधडीच्या टाक्यांची ओळ उमटली.

लेपासाठी पसरट ट्रे घ्या, त्यात स्पंज किंवा जाड लोकरीचा तुकडा ठेवून लेपाने भिजवा, आणि वर मलमल. ठसा थेट लेपात बुडवायचा नाही, या मलमलवर टेकवायचा. कारागीर दोनदा टेकवतात: एकदा, मग जरा फिरवून पुन्हा. त्यामुळे लेप सगळीकडे सारखा लागतो.

आता मूठ. ठसा आधी कापडावर हलकेच ठेवा, सरकवू नका. डाव्या हाताने धरून उजव्या मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने मधोमध एक ठोका. मोठा ठसा असेल तर दोन. मग सरळ वर उचला. तिरका उचलला की एका बाजूला मिशी येते. पुढचा ठसा बसवायला ठशाच्या कोपऱ्यात बारीक खूण असते. तिने पाडलेल्या ठिपक्यावर पुढच्या ठशाचा कोपरा टेकवायचा. नवशिके नक्षीकडे बघून अंदाज बांधतात. कारागिराची नजर फक्त त्या ठिपक्यावर असते. माझी पहिली ओळ एसटीच्या रांगेसारखी होती, पुढे सरळ आणि मागे पांगलेली.

स्याही छापली की थोडं थांबून बघाच. ठसा उचलल्यावर बूटी मळकट करडी दिसते, आणि वाटतं लेप फसला. तोवर कडेने काळं चढायला लागतं, देठ आधी, मग पाकळ्या. दुसऱ्या टोकाची बूटी छापेपर्यंत पहिली काळीभोर झालेली असते.

पाचवं: थांबा, मग भरपूर पाण्यात धुवा

छापलेलं कापड दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. लेप आत मुरायला वेळ लागतो. घाई केलीत तर लाल फिका येतो.

मग धुणं, आणि सगळ्यात मोठा घोटाळा याच धुण्यात होतो. सुटलेली तुरटी पाण्यात उतरते आणि तीच पाण्यातून दुसऱ्या जागी जाऊन बसते. मी पहिलं कापड एका बादलीत धुतलं आणि तसंच दहा मिनिटं ठेवून फोन घेतला. उकळल्यावर बूट्या लाल आल्या आणि त्यांच्यामधली सगळी जमीन गुलाबी. काकाजींना फोटो पाठवला तर त्यांनी एवढंच विचारलं, "पानी खड़ा था?" धुताना पाणी वाहतं हवं. घरी नळाखाली, कापड उघडं पसरून, सारखं हलवत, गोंदाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. बगरूसारख्या पाण्याची ओढ असलेल्या मुलखात या धुण्याला किती पाणी लागतं ते पाहिल्यावर मी घरी मोजकंच काम काढते, आणि हे पाणी फ्लशला वापरते.

उकळण्यासाठी बगरूत तांब्याचं मोठं भांडं, खाली लाकडं, आत अलिझरीन आणि धायटीची फुलं. फुलांमुळे रंग सगळीकडे सारखा बसतो, डाग पडत नाहीत. घरी अलिझरीनऐवजी मंजिष्ठा वापरा. काष्ठौषधीवाल्याकडे मिळते. १०० ग्रॅम कापडाला ५० ग्रॅम पूड, मलमलच्या पुरचुंडीत बांधून, कापड मोकळं तरंगेल एवढ्या पाण्यात. मंजिष्ठेला खळखळ उकळी नको, रंग तपकिरीकडे जातो. पाण्याला वाफा येतील पण बुडबुडे येणार नाहीत अशा आचेवर तासभर ठेवा आणि लाकडी दांड्याने सतत हलवा. लाल अलिझरीनपेक्षा जरा विटकरी येतो. मला तो जास्त आवडतो. नंतर धुऊन उन्हात टाका.

दाबू: चिखलाची छपाई

बगरूची दुसरी ओळख. इथे ठसा रंग अडवायला वापरतात. तळ्याची काळी माती भिजवायची, त्यात चुना, गोंद आणि किडलेल्या गव्हाचं पीठ. पायांनी तुडवून मलमलमधून गाळलं की ठशाला लागेल असा लेप होतो. छापल्या छापल्या त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरतात, म्हणजे चिखल दुसरीकडे चिकटत नाही. मग कडक उन्हात वाळवायचं आणि निळीच्या खोल हौदात सोडायचं. जिथे चिखल आहे तिथे निळा शिरत नाही.

निळीचा हौद घरी लावायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका, हे मी अनुभवाने सांगते. त्याला चुना, गूळ, टाकळ्याचं बी असं काय काय रोज बघून घालावं लागतं आणि तो रुसला की रुसला. हे काम बगरूतच करा. कापड हौदात सोडताना चुरगळू द्यायचं नाही, नाहीतर सुका चिखल तडकतो आणि निळ्या शिरा आत जातात. बाहेर काढल्यावर कापड हिरवट पिवळं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं, घडी असेल तिथे उशिरा. म्हणून लगेच उलगडा. एका बुडवणीत आकाशी, पुढे प्रत्येक बुडवणीला गडद. हातमोजे विसरलात तर नखं आठवडाभर निळी राहतील. लोकलमध्ये लोक बघतात.

विकत घेताना

कारखान्यात शिकलात तर तिथूनच एखादं कापड घ्या, आणि घासाघीस करण्याआधी एक कापड किती दिवस किती हातांतून जातं ते आठवा, तुम्ही ते आता पाहिलेलं आहे. हाताचं काम ओळखायचं तर ठशांचे सांधे शोधा. दर वीतभर अंतरावर रेघ किंचित चुकते किंवा एकावर एक येते, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी. स्क्रीन प्रिंटिंगच्या कामात चूक असलीच तर ती ठराविक अंतरावर तशीच्या तशी पुन्हा येते. फोटो काढण्याआधी विचारा. बहुतेक कारखाने म्हणजे लोकांची राहती घरं आहेत.

पहिल्या दोन-तीन धुण्यांना कापड वेगळं धुवा, सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवा. लिंबू, व्हिनेगर यांचा थेंब पडला तर स्याहीचं काळं विटतं. लोणच्याच्या ताटाजवळ हा टेबलक्लॉथ नको.

ठसे काम संपल्यावर लगेच धुवा. चिंचोक्याचा लेप एकदा सुकला की बारीक रेघांतून निघता निघत नाही. मऊ दातब्रशने घासा, मागची भोकं टाचणीने मोकळी करा, आणि नक्षीची बाजू खाली करून सावलीत ठेवा.